कार्बोरेटर बदलण्याआधी: जुन्या मारुती ८०० मध्ये हवा कुठून शिरते ते कसं शोधायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच कळेल. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरची (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग), एसी आणि ब्रेक बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी डबी) असलेली. नाशिकमध्ये रोजचा वापर आणि महिन्यातून एकदा कसारा घाट उतरून कल्याण. सकाळी चोक ओढला की गाडी लगेच चालू होते. गरम झाली की आयडलिंग (पाय न देता इंजिनाचं संथ फिरणं) वर-खाली होतं आणि सिग्नलला बंद पडते. एसी लावला असेल तर हमखास. हायवेला तक्रार नाही, पण अ‍ॅव्हरेज सतरावरून तेरावर आलं. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर धुऊन नवीन किट टाकलं, दुसऱ्याने आयडलचा स्क्रू वाढवून दिला. तेव्हापासून किल्ली बंद केल्यावरही इंजिन चार-पाच सेकंद धडधडत राहतं. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘एक-दोनदा ब्रेकचं पेडल कडक लागलं.’ आणि विचारलंय की नवा कार्बोरेटर घ्यावा, की व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या, सगळ्या नळ्या एकदम बदलाव्यात?

नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. नळ्याही एकदम बदलू नका. तुमच्या गाडीत नको त्या जागेवरून हवा शिरते आहे असं मला लक्षणांवरून जवळजवळ नक्की वाटतं. पण ती कुठून शिरते हे सिद्ध केल्याशिवाय काहीही बदललं तर तिसऱ्या गॅरेजचंही बिल होईल आणि दोष तिथेच राहील. मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतो. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तर बहुतेक कार्बोरेटरच्याच गाड्या होत्या. हातभर रबरी नळीच्या दोषापायी चांगले कार्बोरेटर भंगारात गेलेले मी पाहिलेत, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

सगळ्यात आधी ब्रेक. ही गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली, मी पहिली घेतो. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. मॅनिफोल्डपासून (कार्बोरेटरखालून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) बूस्टरला जाणारी जाड नळी असते आणि तिच्यात, किंवा बूस्टरच्या तोंडावर, एक एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. हा व्हॉल्व्ह चांगला असेल तर इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्याइतका साठा राहतो. तुमचं पेडल कडक लागलं ते इंजिन बंद पडल्या पडल्या का, हे आठवून पाहा. तसं असेल तर साठा राहत नाहीये. म्हणजे व्हॉल्व्ह गेलाय, किंवा व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला गळती आहे. हे तपासून होईपर्यंत कसारा घाटात गाडी नेऊ नका. उतारावर इंजिन बंद पडलं आणि त्याच वेळी पेडल दगडासारखं झालं तर पायाचा खूप जोर लागतो आणि तरी गाडी वेळेत थांबेलच असं नाही.

तपासणी सोपी आहे, घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. मग दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचत नाही. दुसरं, इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग पेडल दाबा. पहिली दाब मऊ आणि खोल हवी, नंतरच्या हळूहळू वर यायला हव्यात. पहिलीच दाब कडक असेल तर एकतर्फी व्हॉल्व्हचा संशय. तो काढून तोंडाने फुंकून पाहा. एका बाजूने फुंकर जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. थोडीशी जाते म्हणजेही तो गेलाच. तिसरं, इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा. पायापाशी ‘स्स्स’ असा आवाज येतो आणि आयडलिंग बिघडतं का? तसं झालं तर बूस्टरचा पडदा फाटलाय आणि बंद पडण्याचं कारणही कदाचित तिथेच सापडेल.

आता मूळ मुद्दा: एवढीशी गळती एवढा त्रास का देते, आणि तोही फक्त आयडलिंगला?

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. आयडलिंगला कार्बोरेटरचा थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे खालच्या मॅनिफोल्डमध्ये जोरदार निर्वात तयार होतो. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. दर दोन फेऱ्यांत ते एकदा तेवढी जागा भरतं. ९०० आरपीएमला (मिनिटाला ९०० फेरे) मिनिटाला ४५० वेळा. पूर्ण भरलं असतं तर मिनिटाला साधारण ३६० लिटर हवा लागली असती, पण थ्रॉटल बंद असल्याने प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे १२० लिटर जाते. आता मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीला तीन मिलिमीटरचं भोक पडलंय असं धरा. इतक्या ओढीला त्यातून मिनिटाला पन्नास-साठ लिटर हवा आत येऊ शकते. इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या जवळपास निम्मी! आणि ही हवा पेट्रोल न घेता आलेली. मिश्रण इतकं पातळ होतं की कधी एक सिलिंडर पेटतो, कधी पेटत नाही.

हायवेला तेच इंजिन मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा घेत असतं. शिवाय थ्रॉटल उघडा असल्याने ओढ कमी झालेली असते. म्हणून त्याच भोकातून आलेली हवा तिथे जाणवतही नाही. तुमची गाडी हायवेला सरळ चालते ती याच कारणाने. उलट प्रकार असता, म्हणजे आयडलिंग छान आणि वेगात गाडी गुदमरते असं असतं, तर मी नळ्यांकडे पाहिलंही नसतं. पेट्रोल पंप, फिल्टर, मेन जेट, नाहीतर तुंबलेला सायलेन्सर पाहिला असता.

चोकचंही तेच. थंड असताना चोक मिश्रण घट्ट करतो, त्यामुळे गळतीची पातळ हवा झाकली जाते. तुम्ही एक करून पाहा. गाडी पूर्ण गरम करा, आयडलिंग बिघडू द्या आणि चोक अगदी पाव इंच ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळच आहे. आणखी बिघडलं, धूर आला, तर माझा अंदाज चुकलाय आणि कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतोय. घरात पीयूसीचा कागद असेल तर तोही बघा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) जास्त असेल तर पातळ मिश्रणामुळे मिसिंग होतंय, म्हणजे सिलिंडर मधेच पेटत नाही, याची ती लेखी खूण.

एक सावधगिरी. हे तीन सिलिंडरचं इंजिन आहे. चार सिलिंडरच्या गाडीची सवय असेल तर ८०० चं निरोगी आयडलिंगही थोडं हलल्यासारखं वाटतं. ती थरथर एकसारखी असेल तर ती इंजिनाची जातच. मिसिंग असेल तर मधेच ठेका चुकतो. सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरा, चुकलेला ठोका हाताला कळतो.

शोधायला काय लागतं? हातभर लांबीची रबरी नळी, दोन-तीन मापांचे छोटे बोल्ट किंवा रबरी टोप्या, पाण्याची फवारणीची बाटली, चिकटपट्टी आणि मोबाइल. व्हॅक्यूम गेज मिळाला तर उत्तम. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. बाही मोकळी नको, फॅन आणि बेल्टपासून हात लांब. काही जण गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात, काही जण पेटती उदबत्ती फिरवून धूर कुठे ओढला जातो ते बघतात. दोन्ही करू नका. समोर गरम एक्झॉस्ट आणि पेट्रोलने भरलेला कार्बोरेटर असताना ठिणगी कशाला न्यायची? साध्या पाण्याने काम होतं. पाणी भेगेवर पडलं की क्षणभर भेग बुजते, आवाज बदलतो, इंजिनाची गती बदलते. फक्त डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर नवीनच मिसिंग सुरू होईल.

काहीही काढण्याआधी प्रत्येक नळीचे, दोन्ही टोकं दिसतील असे फोटो काढा. चिकटपट्टीवर आकडे लिहून प्रत्येक टोकाला लावा. हे तुम्हाला शाळकरी काम वाटेल. पण माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी कितीतरींत मूळ दोष बारीक होता आणि मोठा त्रास होता तो आधीच्या माणसाने नळ्यांची अदलाबदल केल्याचा.

मग आधी कान. हातभर नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक चालू इंजिनाच्या नळ्यांवरून, जोडांवरून हळूहळू फिरवा. गळती जवळ आली की शिट्टीसारखा किंवा फुसफुसण्याचा आवाज एकदम मोठा होतो. चार पावसाळ्यांपूर्वी एक ८०० आली होती, तुमच्यासारखीच, सिग्नलला बंद पडणारी. नळ्या वरून अगदी धडधाकट, काळ्या, भेग नाही. कानाला नळी लावून फिरवली तर एका वळणावर आवाज वाढला. ती नळी वाकवून खालची बाजू वर केली. पत्र्याच्या ब्रॅकेटला घासून घासून तिथे तिळाएवढं भोक पडलं होतं आणि भोवतीचं रबर घासून चकचकीत झालं होतं. वरून बघणाऱ्याला ते शंभर वर्षांत दिसलं नसतं. म्हणून नळी डोळ्यांनी तपासायची नाही. बोटांनी, पूर्ण लांबीभर, वाकवून तपासायची. चांगली नळी वाकते आणि परत सरळ होते. म्हातारी नळी वाकताना करकरते आणि वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक बारीक चिरा दाखवते. टोकाशी, निपलवर (नळी बसवायची छोटी तोटी) जिथे ती फुगून बसलेली असते, तिथे उभी चीर जास्त करून पडते.

कानाला काही लागलं नाही तर एकेक नळी वेगळी करून बघायची. पक्कडीने नळी दाबून बघायची पद्धत आहे, पण पंचवीस वर्षांचं रबर पक्कडीत तुटतं. त्यापेक्षा मॅनिफोल्डच्या निपलवरून नळी काढा आणि निपलला लगेच टोपी लावा. आयडलिंग सुधारलं तर दोष त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या वस्तूत. मग नळी परत जोडा, तिचं दुसरं टोक काढून त्यात बोल्ट खुपसा. आता बिघडलं तर नळी दोषी, सुधारलेलंच राहिलं तर पलीकडचा भाग दोषी. प्रत्येक शाखेला हेच. एका वेळी एकच. बूस्टरच्या जाड नळीपासून सुरुवात करा. ती सगळ्यात मोठी, त्यामुळे तिची गळतीही सगळ्यात मोठी. ती काढलेली असताना गाडी जागची हलवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

एसीचं तुमचं लक्षण मला फार बोलकं वाटतं. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार येतो, म्हणून कंपनीने आयडल-अपची सोय दिलेली असते. एसी चालू झाला की एक विजेवर चालणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कार्बोरेटरजवळच्या छोट्या डबीतल्या पडद्याला मिळतो, पडदा दांडी ओढतो आणि थ्रॉटल किंचित उघडतो. आता हा पडदा फाटला असेल तर काय होईल? भार यायच्या नेमक्या क्षणी थ्रॉटल तर उघडत नाहीच, उलट व्हॉल्व्हने गळतीचं दार उघडलेलं असतं. दोन्ही बाजूंनी मार. हमखास बंद पडते म्हणता ते इथे जुळतं.

डबीची नळी काढा, तिथे स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावून धरा. जीभ चिकटून राहिली पाहिजे आणि दांडी सरकलेली दिसली पाहिजे. दहा सेकंदांत सुटली तर पडदा गेला. पडदा चांगला असेल तर व्हॉल्व्हकडे वळा. एसीचं बटण दाबल्यावर तो ‘टक’ करतो का, दोन वायरींवर बारा व्होल्ट येतात का. टक ऐकू येऊनही पुढे ओढ जाणवत नसेल तर तो आतून तुंबलाय. या व्हॉल्व्हला बाहेरची हवा घेणारं एक तोंड असतं, त्यावर बारीक जाळी किंवा स्पंज असतो. तो धुळीने बंद झाला की एसी बंद केल्यावरही आयडलिंग बराच वेळ चढलेलं राहतं. खराब व्हॉल्व्ह म्हणून फेकलेले असे कित्येक व्हॉल्व्ह नुसती जाळी साफ करून चालले असते.

अ‍ॅव्हरेज सतरावरून तेरावर आलंय, त्याचा जाब आयडलिंगची गळती एकटी देऊ शकत नाही. तिथे माझा संशय डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सवर आहे. हायवेला हलक्या पायाने चालताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. म्हणून स्पार्क थोडा आधी द्यावा लागतो. ते काम डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूची पसरट डबी करते. तिचा पडदा फाटला किंवा आतली पॉइंटची पट्टी गंजून अडकली तर गाडी बंद पडत नाही, तक्रारही करत नाही, फक्त पेट्रोल जास्त खाते आणि पाय जास्त दाबायला लावते. तपासायची रीत तीच. इंजिन बंद, कॅप उघडा, डबीच्या नळीतून तोंडाने ओढा. आतली पट्टी सरकताना दिसली पाहिजे आणि जीभ लावून धरली तर सरकलेली राहिली पाहिजे.

इथेच अदलाबदलीचा घोळ सर्वात जास्त होतो. अ‍ॅडव्हान्सची नळी ज्या निपलला जोडायची ती कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या किंचित वर असते. आयडलिंगला तिथे ओढ जवळजवळ शून्य, पाय दिला की येते. कोणी ती नळी सरळ मॅनिफोल्डच्या निपलला जोडली की आयडलिंगलाच पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळतो, आरपीएम चढतो, मग माणूस आयडलचा स्क्रू कमी करतो, मग गाडी बंद पडते, मग कार्बोरेटर उघडतो. आयडलिंगला ती नळी काढून टोकावर बोट ठेवा. ओढ लागत असेल तर ती चुकीच्या जागी आहे, किंवा आयडलचा स्क्रू इतका वाढवलाय की थ्रॉटल त्या भोकाच्या वर उघडलाय. तुमच्या गाडीत दुसरी शक्यताही आहेच, कारण स्क्रू वाढवला आहे.

टॅपेट कव्हरपासून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) निघणारी नळी कुठे जाते ते पाहा. एअर क्लीनरला जात असेल तर या दोषाशी तिचा थेट संबंध नाही. मॅनिफोल्डला जात असेल तर वाटेत पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढू देणारा) असतो. तो काढून कानाशी हलवा, खडखड वाजला पाहिजे. इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागली पाहिजे आणि आरपीएम किंचित पडला पाहिजे. आरपीएम खूप पडला किंवा उलट गाडी एकदम सुधारली, तर तो उघडाच अडकलाय. तेलकट चिकट झाला असेल तर कार्बोरेटर क्लीनरने धुऊन पाहा, पण ही स्वस्त वस्तू आहे, बदललेली बरी.

नळ्या सगळ्या निर्दोष निघाल्या तर? असंही होतं. मग कार्बोरेटरच्या खालची बैठक. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा एक जाड तुकडा आणि दोन पॅकिंग असतात. तुमचा कार्बोरेटर नुकताच उतरवलेला आहे, म्हणून इथे नीट बघा. पॅकिंग जुनंच परत बसवलं असेल, किंवा नट एका बाजूला जास्त आवळला असेल, तर कार्बोरेटरची बूड वाकते आणि कडेने हवा ओढते. चारी बाजूंनी पाण्याची बारीक फवारणी मारा, एखाद्या बाजूला गती बदलेल. वाकलेली बूड जाड काचेवर बारीक सँडपेपर ठेवून घासून सपाट करता येते. सिलिकॉनचा लेप लावून भागवू नका, पेट्रोल त्याला फुगवतं आणि सुटलेले तुकडे आत जातात. मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंगही याच पद्धतीने तपासा.

आणि एक जागा अशी आहे जिथे दोष खरोखर कार्बोरेटरचाच असतो: थ्रॉटलचा आडवा दांडा. लाखभर किलोमीटरनंतर त्याची भोकं झिजतात. इंजिन बंद ठेवून दांडा वर-खाली हलवा, खुळखुळा जाणवला तर झीज आहे. चालू इंजिनावर दांड्याच्या टोकाला पाण्याचे दोन थेंब टाका, ते आत ओढले जातील. किट टाकून ही झीज जात नाही. चांगला टर्नर असेल तर बुश बसवून देतो, नसेल तर मात्र कार्बोरेटर बदलावा लागेल. तुमची गाडी किती चालली आहे ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे यावर इथून मत देत नाही.

व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर मॅनिफोल्डच्या निपलला लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. पण ही संख्या जशीच्या तशी नाशिकला लावू नका. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे १५ ते १९ ठीक. हीच गाडी कल्याणला उतरली की दोन इंच वाढवून दाखवेल. आमच्याकडे महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे. तिथे १४ दाखवणाऱ्या गाडीला गळती आहे म्हणून उघडलेलं मी पाहिलंय, आणि ती गाडी ठणठणीत होती. आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. काटा स्थिर पण बराच खाली, तर गळती किंवा टायमिंग मागे, म्हणजे स्पार्क उशिरा. काटा ठरावीक ठेक्याने एकसारखा खाली पडतो, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह. रेस वाढवून धरली की काटा हळूहळू उतरत जातो, तर सायलेन्सर तुंबलाय. तीन सिलिंडरला काटा थोडा थरथरणारच, त्याला दोष समजू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळ्या नळ्या बदलण्याचा. दोष सापडल्यावर हो, बदला. पंचवीस वर्षांहून जुनं रबर आहे, एक फाटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्या काळचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं, आणि इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येत असल्याने मिश्रण आणखी थोडं पातळ होतं. पूर्वी जी बारीक गळती गाडी सहन करत होती ती आता करत नाही. पण बदलताना एक काढायची, त्याच लांबीची कापायची, बसवायची, मग दुसरी. माप आतल्या व्यासाचं बघा. नळी निपलवर जोर लावून बसली पाहिजे, सैल नळीला क्लिप लावून भागत नाही. बूस्टरला मूळ बूस्टरचीच जाड नळी, साधी पेट्रोलची नळी तिथे ओढीने चपटी होते.

सलाइनची किंवा मत्स्यालयाची पारदर्शक नळी कुठेही वापरू नका. एका गाडीत अ‍ॅडव्हान्सला सलाइनची नळी होती. थंड असताना चोख. घाट चढून आलेली ती गाडी मी गरम असतानाच उघडली, तेव्हा नळी मऊ होऊन मधोमध चिकटली होती, दोन बोटांत धरली तर ओल्या चामड्यासारखी लागली. अर्ध्या तासाने गार झाल्यावर ती पुन्हा गोल! सकाळी गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत हा दोष कोणाला सापडणार?

गळती बंद झाल्यावर आयडलिंग एकदम चढेल. घाबरू नका, तो आधी वाढवलेल्या स्क्रूचा परिणाम आहे. किल्ली बंद केल्यावर इंजिन धडधडतं तेही बरंचसं त्यामुळेच. थ्रॉटल जास्त उघडा राहतो, हवा-पेट्रोल आत जात राहतं आणि आतल्या तापलेल्या काजळीवर पेटत राहतं. इंजिन गरम, चोक पूर्ण आत, एसी आणि दिवे बंद, रेडिएटरचा फॅन थांबलेला असताना आधी आयडलचा स्क्रू कमी करून ९०० च्या आसपास आणा. मग एअर स्क्रू (मिश्रण पातळ-घट्ट करणारा) अर्धा-अर्धा फेरा फिरवून इंजिन सर्वात जास्त आणि सर्वात गुळगुळीत फिरतं ती जागा शोधा, आणि पुन्हा आयडलच्या स्क्रूने गती खाली घ्या. दोन-तीनदा असं करावं लागतं. त्यानंतरही किल्ली बंद केल्यावर धडधड राहिली तर स्लो जेटचं, म्हणजे आयडलिंगचं, पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) किल्ली फिरवताना ‘टक’ करतो का ते पाहा. टायमिंग लाइट (स्पार्कची वेळ तपासायचा दिवा) लावणार असाल तर त्या वेळी अ‍ॅडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद ठेवा.

एवढं करून पाहा आणि मला चार गोष्टी कळवा: पाव इंच चोक ओढल्यावर काय झालं, ब्रेकच्या तीन तपासण्यांत काय निघालं, एसीच्या डबीवर जीभ किती वेळ टिकली, आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे. गेज लावलात तर काट्याची आवाजासकट चित्रफीत काढून ठेवा. काटा ठेक्याने पडत असेल तर नळ्यांचं काम तिथेच थांबवा आणि आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) व तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासून घ्या.